थंड वाटणं वेगळं, थंड होणं वेगळं (टूथपेस्टवाल्या फॉरवर्डबद्दल)

तो मेसेज परत फिरायला लागलाय. "भाजलं की पाणी अजिबात लावू नका, फोड येतात. लगेच टूथपेस्ट लावा, पाच मिनिटात आग थांबते. नाहीतर अंड्याचा पांढरा भाग लावा, त्यात कोलॅजन असतं, नवीन कातडी येते. बर्फ चोळला तरी चालेल. दुखायचं थांबलं की समजा बरं झालं." दर वेळी खाली कोणीतरी "स्वतःचा अनुभव आहे, शंभर टक्के खरं" असं लिहितंच, म्हणून एकदा सगळं लिहून टाकते.

पाण्याचं आधी, कारण यातली सगळ्यात घातक ओळ तीच आहे. फोड पाण्याने येत नाहीत, भाजल्यामुळे येतात. कातडीचा वरचा थर खालून सुटतो आणि मधे द्रव साचतो, आणि हे दिसायला कधीकधी काही तास जातात, तोवर तुम्ही पाणी लावून मोकळे झालेले असता मग खापर पाण्यावर. खरा प्रकार उलटा आहे. कातडी साधारण ४४ अंश सेल्सिअसच्या वर गेली की पेशींना इजा सुरू होते, आणि तापमान जितकं जास्त तितका कमी वेळ पुरतो, ६० अंशाच्या पाण्याने मोठ्या माणसाला खोल भाजायला पाचेक सेकंद बास (मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या संशोधकांनी १९४७ मध्येच हे मोजून ठेवलंय). चटका देणारी वस्तू बाजूला केली तरी कातडीत शिरलेली उष्णता लगेच जात नाही. १९५३ मध्ये जॅक्सन नावाच्या सर्जनने भाजलेल्या जागेचे तीन भाग सांगितले, मधला मेलेला, सगळ्यात बाहेरचा नुसता लाल, आणि या दोघांच्या मधला पट्टा असा की तो वाचूही शकतो आणि एकदोन दिवसात मरूही शकतो. आपली सगळी धडपड त्या मधल्या पट्ट्यासाठी आहे. त्यासाठी नळाचं साधं वाहतं पाणी, गार पण बर्फासारखं नाही, पूर्ण २० मिनिटं. दोन मिनिटं नाही, वीस. घड्याळ लावा, कारण हात नळाखाली धरून उभं राहिलं की पाचव्या मिनिटालाच कंटाळा येतो. लगेच जमलं नाही तर तीन तासांच्या आत केलं तरी फायदा होतो. सूज यायच्या आत अंगठी, घड्याळ काढून ठेवा, चिकटलेला कपडा मात्र ओढू नका. लहान मूल असेल तर बाकीचं अंग पांघरुणात, नाहीतर ते गारठतं.

आणि हो, दुखणं कमी करायला पहिलं औषध पण हेच पाणी.

आता टूथपेस्ट. आग थांबल्यासारखं वाटतं हे मी नाकारत नाही, वाटतंच. पेस्टमधला पुदिन्याचा मेन्थॉल नसांवरच्या टीआरपीएम८ नावाच्या रिसेप्टरला (संवेदना टिपणाऱ्या प्रोटीनला) चाळवतो, हा तोच रिसेप्टर जो खरोखरची थंडी ओळखतो (हे रिसेप्टर शोधणाऱ्या ज्युलियस आणि पटापूटियन यांना २०२१ चं नोबेल मिळालं). म्हणजे मेंदूला निरोप जातो गार झालं, आणि कातडी होती तेवढीच गरम. वर पेस्टचा थर बसल्याने उष्णता अडकते, आणि दात घासायला घातलेले खरखरीत कण आणि फेस आणणारी रसायनं सोललेल्या कातडीला झोंबतात ते वेगळंच.

"स्वतःचा अनुभव" वाल्यांना एकच विचारायचंय, काहीच न लावता बघितलंय का कधी? छोटा वरवरचा चटका तसाही थोड्या वेळात शांत होतो, मग जे शेवटी लावलं असेल त्याला क्रेडिट.

बर्फाने बधिर होतं, पण रक्तवाहिन्या आकसतात, आणि तो मधला पट्टा रक्तावरच तगून असतो. आधीच भाजलंय, त्यावर आणखी हिमदाह (अति थंडीने कातडीला होणारी इजा) कशाला. अंड्याचं तर कोलॅजनच चुकलंय, पांढऱ्या भागात पाणी सोडलं तर मुख्यतः अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन असतं, आणि कोलॅजन असतं तरी वरून लावून ते कातडीत जाऊन बसत नाही. कच्च्या अंड्यात साल्मोनेला नावाचा जंतू असू शकतो, कोणाला अंड्याची अ‍ॅलर्जी असते, आणि आपण ते उघड्या जखमेवर लावतोय! तेल, लोणी पण तसंच, उष्णता आत कोंडते.

मग "क्रीम तरी लावू ना" असं येतं. सिल्व्हर सल्फाडायझिनची पांढरी क्रीम घरात असते म्हणून प्रत्येक चटक्यावर लावतात. ती जंतूंसाठी आहे, दुखण्यासाठी नाही, वरवरच्या भाजण्यात जखम भरायला उलट उशीर होऊ शकतो, सल्फाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना आणि नवजात बाळांना तर नकोच. बधिर करणारे स्प्रे, जेल (लिडोकेन, बेंझोकेन) सोललेल्या जागेवर मनाने मारू नका, तिथून औषध रक्तात जास्त उतरतं, आणि बेंझोकेनने क्वचित रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकदच कमी होते. कोरफडीचं जेल, कातडी अख्खी आणि नुसती लाल असेल तर लावा, बरं वाटतं, त्याच्या पलीकडे फार अपेक्षा नको.

लोक विसरतात ते झाकणं. उघड्या पडलेल्या नसांना हवेची झुळूकसुद्धा झोंबते, म्हणून पाण्यानंतर न चिकटणारं ड्रेसिंग किंवा स्वच्छ क्लिंग फिल्म (अन्न झाकायचं पातळ पारदर्शक प्लास्टिक) नुसती वर ठेवा, गुंडाळू नका कारण सूज येते. पोटात पॅरासिटामॉल, वयाप्रमाणे डोस. फोड फोडायचे नाहीत.

आणि "दुखायचं थांबलं की बरं झालं" हे तर फारच भयंकर. खूप खोल भाजलं की नसाच जळतात, तिथे दुखतच नाही. जागा पांढरी, मेणासारखी किंवा काळपट, टोचलं तरी कळत नाही, अशी असेल तर तडक दवाखाना. तसंच स्वतःच्या तळहातापेक्षा मोठं भाजलं असेल, चेहरा, हात, पाय, सांधे किंवा जननेंद्रिय असेल, वीज किंवा केमिकल असेल, किंवा लहान मूल असेल तरी. जाताना काही चोपडून जाऊ नका. किती खोल भाजलंय ते डॉक्टर रंग बघून ठरवतात, वर पेस्ट असेल तर आधी ती धुवून पुसून काढावी लागते. इस्त्रीच्या चटक्यावर मी ती लावून गेले होते, तेव्हा चटक्याला नाही ओरडले एवढी पेस्ट काढताना ओरडले.