वह्या बदला

शाळेत शुद्धलेखनाचा तास संपत आला की बाई म्हणायच्या, "वह्या बदला." बास. शेजारच्याची वही आपल्यापुढे, आपली त्याच्यापुढे, उत्तरं फळ्यावर. चुकीखाली रेघ मारायची, शेवटी 'तपासले' लिहून सही ठोकायची. पाच मिनिटांत पन्नास वह्या हातावेगळ्या आणि बाई चहाला मोकळ्या. माझ्या शेजाऱ्याने एकदा चकलीच्या बदल्यात माझे दोन रफार सोडून दिले होते, ते बाईंना आजतागायत कळलेलं नाही.

त्याच दोन शब्दांसाठी यंदा मला नऊ दिवस लागले.

मी राहतो कोपरखैरणेला आणि ठाण्यातल्या एका कॉलेजात पहिल्या वर्षाला मराठी शिकवतो. वर्गात ६८ मुलं. 'माझ्या पाहण्यातले तळे' असा निबंध दिला होता, कारण ठाण्यात विषय सुचला नाही की तळं असतंच. निबंध दिला तेव्हाच तपासायचा कंटाळा आला होता. म्हणून स्टाफरूममध्ये म्हणालो, "यंदा मुलंच एकमेकांचे तपासतील." हे प्राचार्यबाईंच्या कानावर गेलं. त्यांना वाटलं, मला नवं शैक्षणिक धोरण उमगलं. "विद्यार्थीकेंद्रित!" असं म्हणून त्यांनी नॅकच्या, म्हणजे कॉलेजांना दर्जा देणाऱ्या समितीला दाखवायच्या, फायलीत एक पान राखूनही ठेवलं. आता माघार नाही.

आमच्या कॉलेजात मूडल आहे, म्हणजे मुलांचा अभ्यास संगणकावर घ्यायची यंत्रणा. ऑस्ट्रेलियात मार्टिन डुगियामास नावाच्या गृहस्थांनी ते तयार केलं, २००२ साली त्याची पहिली आवृत्ती आली, आणि फुकट असल्यामुळे जगभर पसरलं. त्यात मुलांनी मुलांचं तपासायला 'वर्कशॉप' नावाची सोय आहे. संगणक विभागातल्या मॅडम म्हणाल्या, "सोप्पं आहे सर, पाचच टप्पे." तयारी, लेखन जमा करणं, तपासणी, गुणांचा हिशेब, समाप्त. लग्नातसुद्धा साखरपुड्यापासून सत्यनारायणापर्यंत एवढेच टप्पे असतात. पण तिथे भटजी असतात. इथे एका टप्प्यातून पुढच्यात ढकलायचं काम माझं.

तयारीच्या पानावर गुण दोन प्रकारचे. ८० लिहिल्याबद्दल, २० तपासल्याबद्दल. म्हणजे नुसतं तपासून भागत नाही, नीट तपासावं लागतं. मला आयुष्यात कुणी तपासल्याबद्दल गुण दिलेले नाहीत, त्यामुळे ही कल्पना मनापासून आवडली. मग निकष: विषयाशी संबंध, मांडणी, शुद्धलेखन, स्वतःचं निरीक्षण. शिवाय नमुना निबंध जोडता येतो. आधी शिक्षकाने तो तपासून ठेवायचा, मग मुलांनी त्यावर हात साफ करून आपले गुण शिक्षकाच्या गुणांशी ताडून बघायचे. मी रात्री साडेअकराला कचराळी तलावावर दीड पान लिहिलं. पहाटेचं धुकं, उमललेली कमळं, वगैरे. स्वतःच तपासलं आणि दहापैकी दहा दिले.

मुदत रविवारी मध्यरात्रीची. सोमवारी संध्याकाळी घरी जाताना ठाण्याला गाडीत बसलो, तर ग्रुपवर संदेशांचा पाऊस. "सर, तपासायचं बटण दिसत नाही." "सर, अजून जमाच करा म्हणतंय." मुदत संपल्यावर टप्पा आपोआप बदलावा म्हणून एका चौकोनात खूण करायची असते. ती मी केली नव्हती. रबाळे आणि घणसोलीच्या मध्ये, एका काकांच्या काखेखालून मोबाईल धरून, मी तिसऱ्या टप्प्यावर बोट दाबलं. घणसोलीला नवीन संदेश: "सर, तुम्हाला तपासायला काहीही दिलेलं नाही असं येतंय." बरोबरच होतं. कुणाचा निबंध कुणाकडे जाणार, हे वाटपच केलं नव्हतं. आमच्या बाई 'बदला' म्हणायच्या तेव्हा वही शेजाऱ्याकडेच जायची. इथे शेजार आधी निर्माण करावा लागतो.

घरी येऊन वाटप केलं. ६८ पैकी ५७ निबंध आलेले, प्रत्येकाला तीन तपासनीस, म्हणजे १७१ तपासण्या. लिहिणाऱ्यांची नावं झाकायची सोय परवानग्यांच्या पानावर आहे, हे मला बुधवारी कळलं. तोवर चकल्यांचा व्यवहार उरकला होता.

१७१ पैकी दीडशेच्या वर तपासण्यांत दहापैकी दहा. शेरे: 'खूप छान', 'मस्त', 'आवडले', आणि एकाने नुसता अंगठा. उंटाच्या लग्नात गाढव गातं आणि दोघं एकमेकांच्या रूपा-गळ्याची तारीफ करतात, तसला प्रकार. निबंध कसले, तर चाळीस जणांची सुरुवात 'ठाणे हे तलावांचे शहर आहे' अशी. त्यातले अकरा दुसऱ्या परिच्छेदात तळं सोडून १६ एप्रिल १८५३ च्या बोरीबंदर-ठाणे गाडीत चढले आणि परत उतरलेच नाहीत. त्यांनाही विषयाशी संबंध: दहा.

खरा घोळ हिशेबाच्या टप्प्यात झाला. तपासणाऱ्याचे २० गुण ठरतात ते असे: एका निबंधाला तिघांनी दिलेल्या गुणांची सरासरी काढायची, जो तिच्या सर्वांत जवळ तो उत्तम तपासनीस, बाकीचे जितके लांब तितके गुण कमी. तुलना सैल ठेवायची की कडक, याच्या पाच पायऱ्या आहेत. मी ऐटीत सर्वांत कडक निवडली होती. परिणाम असा, की डोळे मिटून दहा-दहा देणारे सगळे २० पैकी २०. रोल नंबर ४१ ही एकटी मुलगी तीनही निबंध ओळ न ओळ वाचून बसलेली. एकाला तिने लिहिलं होतं, 'उपवन तलावाचं वर्णन चांगलं आहे, पण वाक्यं मासुंद्याच्या निबंधातली आहेत, फक्त नाव बदललंय.' एका आगगाडीवाल्याला: 'तळं कुठे आहे?' तिला २० पैकी ७.

गुण हाताने बदलता येतात. पण एकीचे बदलायचे तर बाकीचे का नाही, म्हणून शेवटी मीच बसलो. ५७ निबंध आणि १७१ तपासण्या. ज्या कंटाळ्यापायी हे सगळं केलं, तो चौपट होऊन घरी मुक्कामाला आला. तिसऱ्या रात्री बायकोने विचारलं, "मुलं तपासणार होती ना?" मी उत्तर दिलं नाही.

सगळ्यात शेवटी नमुना निबंध उघडला. तो कुणी लिहिलाय हे मी वर्गात सांगितलं नव्हतं. बहुतेकांनी बिचाऱ्याला आठ-नऊ दिले होते. ४१ नंबरने चार. निरीक्षण या निकषापुढे लिहिलं होतं: 'लेखक तळ्यावर गेलेला दिसत नाही. मी पाचपाखाडीत राहते, रोज कचराळीवर जाते. मला कमळं दिसली नाहीत.'

तिचे २० केले. दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर स्टेशनऐवजी पाचपाखाडीची रिक्षा केली. कचराळीला संध्याकाळची गर्दी, चालणारे आजोबा, बाबागाड्या. मी कठड्याला धरून, वाकून, पाण्याकडे बघत एक फेरी पुरी केली. दुसरी निम्मी झाली असेल, तेवढ्यात मागून आवाज आला.

"सर, कमळं शोधताय?"