खुलासा: ताप उतरला म्हणून पेनिसिलिन बंद करू नये

‘स्ट्रेप्टोकोकस या जिवाणूमुळे सुजलेला घसा आपोआप बरा होतो, त्यामुळे मुलाचा ताप उतरताच अँटिबायोटिक थांबवावे,’ असा संदेश सध्या पालकांच्या गटांमध्ये फिरत आहे. त्यातील पहिला भाग खरा आहे. घशाचे दुखणे बहुधा आठवडाभरात औषधाविनाही शमते. निष्कर्ष मात्र चुकीचा आणि घातक आहे. पेनिसिलिन हे अँटिबायोटिक देण्याचा मुख्य हेतू घशातील जंतू नाहीसा करून संधिवाताचा ताप (रुमॅटिक फीव्हर) टाळणे हा असतो. हा ताप घसा बरा झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी येतो आणि हृदयाच्या झडपा कायमच्या निकामी करू शकतो.

पुढे अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात बालरोगाचे प्राध्यापक झालेले डॉ. लुईस वॅनामेकर आणि त्यांचे सहकारी यांनी तिथल्याच वायोमिंग राज्यातील लष्करी तळावर केलेला अभ्यास 1950 मध्ये प्रसिद्ध झाला. पेनिसिलिन दिलेल्या सुमारे 800 रुग्णांपैकी 2 जणांना, तर न दिलेल्या जवळपास तितक्याच रुग्णांपैकी 17 जणांना संधिवाताचा ताप आला. ते रुग्ण तरुण सैनिक होते, हे खरे. पण हा आजार प्रामुख्याने 5 ते 15 वर्षांच्या मुलांना गाठतो, म्हणून ही बाब पालकांसाठी अधिकच महत्त्वाची आहे.

तोंडावाटे घ्यायच्या पेनिसिलिनचा क्रम 10 दिवसांचा असतो. काही औषधांचा तो कमी असतो आणि ते डॉक्टरच ठरवतात. मुलांची बहुतेक घसादुखी विषाणूंमुळे होत असल्याने आणि त्यांवर अँटिबायोटिक चालत नसल्याने उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळी स्वतःहून देणेही अयोग्यच. कृपया तो संदेश पुढे पाठवू नये आणि ज्यांना पाठवला असेल त्यांना हा खुलासा कळवावा.