करमळीला उतरा, मडगावला नको

गोव्यातल्या बोट पार्टीवरचा एक लेख वाचला, त्यात म्हटलंय की अशी पार्टी करायची तर खिसा गरम हवाच. खासगी यॉट घेतली तर खरंच आहे. पण पणजीत मांडवी नदीवर संध्याकाळी तासाभराच्या फेऱ्या करणाऱ्या बोटी असतात, त्यांचा उल्लेखच नाही!

आम्ही ठाण्याची चौघं मागच्या डिसेंबरात गेलो होतो. रात्रीची कोकणकन्या एक्सप्रेस, स्लीपर. सगळे मडगावपर्यंत जातात, पणजीला जायचं तर अलीकडे करमळीला उतरावं. तिथला रिक्षावाला तोंडाला येईल तो भाव सांगत होता, म्हणून बॅगा पाठीवर टाकून जुन्या गोव्यापर्यंत चालत गेलो आणि बस धरली.

बोटीचं तिकीट थेट पणजीतल्या सांता मोनिका जेट्टीवर काढा. आम्ही शहाणपणा करून हॉटेलजवळच्या एजंटाकडून घेतलं. बोटीवर शेजारच्याला विचारलं तर त्याला बरंच स्वस्त पडलेलं. बायको अजून ऐकवते. आणि पोटभर खाऊन चढा, आत वड्यापावाच्या भावात काही मिळत नाही.

पार्टी म्हणाल तर वरच्या डेकवर डीजे, मधूनमधून देखणी (गोव्याचं लोकनृत्य) नाहीतर फुगडी, मग आधी मुलांना, मग जोडप्यांना नाचायला बोलावतात. वाशीच्या एक काकू 'मला नाही बाई येत' म्हणत उठल्या आणि शेवटपर्यंत खाली बसल्याच नाहीत. नदी असल्यामुळे बोट फार हलत नाही, आमच्या आईलाही मळमळलं नाही.

मध्यरात्रीपर्यंत धिंगाणा हवा असेल त्यांनी मात्र लेखकाचंच ऐकावं.