फुकट आणि ओपन सोर्स एक नाही

एका लेखात लिहिलंय की जीपीएल (वाटलेल्या सॉफ्टवेअरचा कोड खुला ठेवायची अट घालणारं ओपन सोर्स लायसन्स) असलेलं टूल वापरलं की आपला सगळा कोड ओपन करावा लागतो, ते अर्धवट आहे. जीसीसीने (कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनवणारं जीपीएल टूल) कंपाइल केलं म्हणून तुमचा प्रोग्रॅम जीपीएल होत नाही, त्याच्या रनटाइम लायब्ररीसाठी (प्रोग्रॅममध्ये जोडला जाणारा जीसीसीचा तयार कोड) मुद्दाम सूट लिहून ठेवलीये. जीपीएल लायब्ररी स्वतःच्या कोडला जोडून ते सगळं बाहेर वाटलं तर मात्र गोष्ट वेगळी.

खरी गोची नुसत्या "फ्री" टूल्सची, म्हणजे फुकट मिळतात पण ओपन सोर्स नाहीत अशांची. डॉकर डेस्कटॉप (प्रोग्रॅम कंटेनरमध्ये, म्हणजे वेगळ्या बंदिस्त जागेत चालवायचं ॲप) बघा ना, २०२१ मध्ये नियम बदलले, आता २५० पेक्षा कमी माणसं आणि वर्षाची उलाढाल १ कोटी डॉलरच्या आत असेल तरच कंपनीला फुकट, आणि आपण सवयीने इन्स्टॉल करून मोकळे (मूळ डॉकर इंजिन अजून अपाची या ओपन सोर्स लायसन्सवरच आहे, ते वेगळं).

आणि लायसन्स फाइलच नसलेली पॅकेजेस (दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड)? लोकांना वाटतं काही लिहिलं नाही म्हणजे बिनधास्त घ्या, पण उलट आहे, कॉपीराइट पूर्ण लेखकाकडेच राहतो. आमच्याकडे रिलीजच्या आदल्या रात्री असलं एक पिल्लू सापडलं, तारखा फॉरमॅट करणारा जेमतेम ४० ओळींचा कोड, तो काढून परत लिहीत बसलो पहाटे तीनपर्यंत. तेव्हापासून नवीन पॅकेज टाकायच्या आधी लायसन्स फाइल उघडतो, मग रीडमी (पॅकेजची माहिती देणारी फाइल).