‘दोन तास सांगून सहा तास बसवलं’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा एक स्टार बघितला. ‘चार टायरला दोन तास सांगितले, सहा तास बसवून ठेवलं, वर नट आणि रिंगचे जादा पैसे लावले’ असं तुम्ही लिहिलंय. इतका वेळ ताटकळत ठेवलं आणि मधे कुणी येऊन नीट सांगितलं नाही, ही चूक आमची. माफ करा.

पण दोन तास कशाचे सांगितले होते? फोनवर तुम्ही ‘स्विफ्टला १६ इंची अलॉय, २०५/५० टायर’ एवढंच बोललात. टायर चढवणं, बॅलन्सिंग, अलाइनमेंट, दोन तासांत होतं. दारात आली ती स्विफ्टचे हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) आणि सस्पेन्शन घालून तुम्ही स्वतः बांधलेली टू-सीटर, आणि सोबत होंडाचे जुने अलॉय.

दोन्हींचा पीसीडी ४×१००, म्हणजे १०० मिमीच्या वर्तुळावर नटांची चार भोकं, म्हणून भोकं जुळतात आणि माणूस तिथंच फसतो. अलॉयचं मधलं भोक ५६.१ मिमी, स्विफ्टचा हब ५४.१. चहूबाजूंनी एक मिमी फट. तसंच बसवलं असतं तर कागलकडं हायवेला लागल्यावर स्टिअरिंग थरथरलं असतं. ती फट भरायला उद्यमनगरात लेथवर चार रिंगा करून आणल्या, त्यात दीड तास गेला. लेथवाल्यानं घेतले तेवढेच पैसे लावलेत.

नटांचं तर तुमच्यासमोरच झालं. तुम्ही आणलेल्या नटांचे आटे १२×१.५, हबवरच्या स्टडचे १२×१.२५; म्हणजे जाडी १२ मिमीच, पण दोन आट्यांमधलं अंतर वेगळं, १.५ आणि १.२५ मिमी. नट हातानं दोन आटे गेला आणि अडकला. ‘गन लाव, बसतंय’ असं तुम्ही आमच्या पोराला म्हणालात. लावली असती तर स्टडचे आटे सोलून निघाले असते. स्विफ्टचे मूळ नटही चालत नाहीत, कारण त्यांचं तोंड निमुळतं आणि या अलॉयची खाच वाटीसारखी गोल. निमुळता नट वाटीत नुसता कडेवर टेकतो, घट्ट लागतो आणि पुढं रस्त्यात ढिला पडतो. १.२५ आट्यांचे गोल तोंडाचे सोळा नट गावभर फिरून आणले.

टायरचंही तसंच. अलॉयवर ईटी (रिमच्या मध्यापासून हबला टेकणारी बाजू किती मिमी बाहेर आहे तो आकडा) ५३, तुमच्या जुन्या रिमवर ४५, म्हणजे चाक ८ मिमी आत. टायरची रुंदी १८५ मिमीची २०५ केली की आणखी १० आत. शॉकअबसॉर्बरच्या नळीवर शाडूचा गोळा चिकटवून चाक फिरवलं, उरलेला पापुद्रा तुम्ही हातात घेऊन बघितला, जेमतेम ३ मिमी. वळणावर टायर दबला की घासणारच. तुम्ही १० मिमीचा स्पेसर (हब आणि चाकामधली चकती) घाला म्हणालात, पण त्यानं प्रत्येक नटाचे आठ आटे जातात. ते आम्ही करणार नाही, कुणी कितीही स्टार दिले तरी. म्हणून १८५/५५ आर १६ चढवले. उंची ६१० मिमी, जुन्या १८५/६५ आर १५ ची ६२१, स्पीडोमीटर दोनेक टक्के जास्त दाखवेल इतकंच.

यापुढं वेळ सांगण्याआधी हब कुठला, अलॉय कुठला ते विचारून घेऊ. बसायच्या सोयीचंही बघतोय. वेळेबद्दल लिहिलंय ते राहू दे, पण ‘जादा पैसे’ तेवढं जमलं तर काढा साहेब, नवीन गिऱ्हाईक आधी तेच वाचतं.

आणि गाडी शंभर किलोमीटर फिरली असेल तर नट एकदा टॉर्क रेंचनं तपासायला या. सोमवार सोडून कधीही, पैसे नाहीत.