'ॲग्रव्हेट' म्हणजे 'चिडवणे': हा अर्थ चुकीचा नाही

इंग्रजी सुधारण्याच्या सल्ल्यांत एक दावा हमखास फिरतो: 'ॲग्रव्हेट' म्हणजे फक्त 'बिघडलेले आणखी बिघडवणे', 'चिडवणे' या अर्थी तो वापरणे ही अलीकडची अमेरिकी चूक. यातले एकही विधान टिकत नाही.

पहिला आधार व्युत्पत्तीचा. लॅटिन 'ग्राव्हिस' म्हणजे जड, म्हणून 'ॲग्रव्हेट' म्हणजे भर घालणे. मूळ बरोबर, निष्कर्ष चुकीचा. सोळाव्या शतकात हे क्रियापद इंग्रजीत 'ओझे लादणे' या अर्थी वापरले जाई. मुळालाच चिकटून राहायचे, तर 'बिघडवणे'सुद्धा बाद करावे लागेल. शिवाय त्याच मुळातून फ्रेंचमार्गे 'ग्रीव्ह' (दुःख करणे) आणि 'ग्रीव्हन्स' (गाऱ्हाणे) आले, म्हणजे मनावरचा भार या शब्दकुळाला परका नाही.

'अलीकडची' आणि 'अमेरिकी' ही विशेषणे तर तारखांपुढेच गळून पडतात. 'बिघडवणे' हा अर्थ १५९० च्या दशकापासून सापडतो, 'चिडवणे' १६१० च्या दशकापासून. अंतर जेमतेम वीस वर्षांचे! रँडल कॉटग्रेव्ह यांच्या १६११ च्या फ्रेंच-इंग्रजी कोशात 'ॲग्रव्हेट' आणि 'एक्झॅस्परेट' (चिडवणे, वैताग आणणे) शेजारी-शेजारी आहेत. अमेरिकेतली पहिली टिकलेली इंग्रज वसाहत, जेम्सटाउन, १६०७ ची. नवा आहे तो आक्षेप: तो साधारण १८७० पासून ऐकू येऊ लागला.

राहिला दोन अर्थांमुळे गोंधळ होतो, हा मुद्दा. कर्म पाहिले की अर्थ कळतो. दमा, जखम, वाद असेल तर 'बिघडवणे'. माणूस असेल तर 'चिडवणे'. आपल्याकडे वाद भडकतो आणि माणूसही भडकतो, तिथे कुणी अडत नाही. 'इरिटेट' त्वचेलाही लागतो आणि माणसालाही, त्यावर मात्र आक्षेप नाही, हे विसंगत आहे.

खरी अडचण येते ती कर्मणी प्रयोगात. 'पेशंट वॉज ॲग्रव्हेटेड बाय डस्ट' यात रुग्ण चिडला की आजार बळावला, हे कळत नाही. तिथे 'डस्ट ॲग्रव्हेटेड द पेशंट्स ॲझ्मा' असे आजाराचे नाव घालून लिहावे. पॉक्सो कायद्यात गुन्ह्याआधी येणारे 'ॲग्रव्हेटेड' गुन्ह्याचे अधिक गंभीर स्वरूप दाखवते. आरोपीच्या रागाशी त्याचा संबंध नाही.

परीक्षेत किंवा सरकारी पत्रात 'इरिटेट' लिहिलेले बरे, कारण वाचणारा जुना नियम पाठ केलेला असू शकतो. पण दुसऱ्याने 'ॲग्रव्हेट' लिहिले, तर त्यावर लाल रेघ मारू नये.