पाटीवर कोणाचं नाव?

इथे अमेरिकेत, न्यू जर्सी राज्यातल्या न्यूअर्क शहरात, एका सरकारी शाळेतल्या सातवीच्या विज्ञानाच्या बाईंनी सहा सूक्ष्मदर्शक मागितले होते. मागणी डोनर्सचूज या संस्थेकडे नोंदवलेली. मीही थोडे पैसे भरले. बाईंच्या हातात रोख पडत नाही. रक्कम जमली की संस्थाच वस्तू विकत घेऊन वर्गात पोचवते. न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागातल्या सरकारी शाळेत शिकवणाऱ्या चार्ल्स बेस्ट यांनी 2000 साली ही संस्था काढली, कारण शिक्षक वर्गासाठी पदरमोड करत होते. पुढे मुलांची पत्रं आली. एकीने कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी काढल्या होत्या, विटा रचल्यासारख्या. ते पत्र मी जपून ठेवलंय.

वहिनी गावाकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिला हे सांगितलं तर म्हणाली, "भाऊजी, इथे देणारा आधी पाटीचं विचारतो."

सप्टेंबर 2023 मध्ये महाराष्ट्र सरकारने दत्तक शाळा योजना आणली. मोठ्या महापालिकांच्या हद्दीत 2 कोटींच्या वस्तू-सेवा दिल्या की पाच वर्षं दात्याने सुचवलेलं नाव शाळेच्या नावाला जोडता येतं. छप्पर गळायचं थांबणार असेल तर नावाचं काय एवढं, असं माझे इथले मित्रही म्हणतात. मला ते पटत नाही. वर्गणी आपल्याला नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांसाठी घरोघरच्या बायकांनी मूठमूठ धान्य बाजूला काढलं. त्यांनी पाटी मागितली नाही. शाळा गावाची असते, आणि तिथे काय हवं हे वर्गात उभं राहणाऱ्याला कळतं.

इथलं सगळं चांगलं, असंही नाही. 2010 मध्ये मार्क झुकरबर्ग यांनी न्यूअर्कच्या शाळांसाठी 10 कोटी डॉलर जाहीर केले ते टीव्हीवरच्या कार्यक्रमात. आम्हाला आधी विचारलं का, असं तिथले पालक विचारत राहिले. आणि शिक्षकांच्या मागण्यांत पेन्सिली, कागद दिसले की मला वाईट वाटतं. ते सरकारचं काम. न्यू जर्सी राज्याच्याच सर्वोच्च न्यायालयाने 1990 साली गरीब शहरी शाळांना श्रीमंत उपनगरांच्या बरोबरीने पैसे द्या, असं सरकारला बजावलं होतं. तेवढं बळ कुठल्याच देणगीत नाही.

वहिनीकडून यादी मागवली आहे: गोष्टींची पुस्तकं, पृथ्वीचा गोल, दोन भिंगं. छप्पर तिने यादीत घातलेलं नाही. त्यासाठी ती जिल्हा परिषदेला तिसरं पत्र लिहितेय.